वरोऱ्याचा कोळसा आणि सोनाराची मूस

आमच्या घराच्या माळ्यावर एक लोखंडी सळई पडून असे. चांगली पुरुषभर लांब, एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला कडी. माझे आजोबा तेल्हाऱ्याच्या एका जिनात बॉयलरवर आगवाले होते, त्यामुळे ही सळई भट्टीतली आग ढोसायची असणार असे मला लहानपणी वाटायचे. एकदा विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, ही भट्टीची नव्हे, ढिगाची. जिनाच्या आवारात कोळशाचा ढीग असे. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, ओढून काढायची आणि टोकाकडून हाताने चाचपत यायचे. हाताला सोसवले नाही की माणसे बोलावून ढीग फोडायचा आणि पसरायचा. "हा कोयसा रुसते बाप्पा," ते म्हणत. "याले एकटं टाकू नोको. आतल्या आत तापते अन् रातभरातून पेटून बसते." आवारात एकीकडे कपाशीची गंजी, दुसरीकडे रुई. अशा जागी आपोआप पेटणारा कोळसा म्हणजे घरात साप पाळण्यासारखेच होते.

आजोबा त्याला 'वरोऱ्याचा कोयसा' म्हणत. पुढे वाचनाची चटक लागल्यावर मला कळले की वरोऱ्याची खाण १९०६ सालीच बंद झाली होती. म्हणजे आजोबा जेव्हा फावडे हातात घेण्याइतके मोठे झाले तेव्हा वरोऱ्याचा कोळसा निघतच नव्हता. त्यांच्या भट्टीत पडणारा माल बल्लारपूरचा किंवा राजूरचा असणार. खाण मेली तरी नाव मागे राहिले होते. कोळसा मात्र एकाच खोऱ्यातला, वर्धा नदीच्या. या एका नावाच्या मागे लागून माझी पंधरा-सोळा वर्षे गेली. माझे दुकान मोटारपंप रिवायंडिंगचे आहे, शिक्षण बारावी विज्ञानपर्यंतचे. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते हाताला चटके घेऊन आणि मिळेल तिथून पुस्तके वाचून शिकलेल्या माणसाचे आहे, हे वाचकांनी धरून चालावे. शिवाय या लेखात मला एक जुनी चूकही दुरुस्त करायची आहे. ती माझीच आहे.

वरोऱ्याची खाण सरकारने १८७१ साली सुरू केली. तिच्यामागे कापूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना आणि सगळ्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोहोचला. खामगावचा फाटा आणि कापसाचा बाजार १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला. इंजिने आली, जिन आले, प्रेस आले. आणि या सगळ्यांच्या पोटाला कोळसा हवा होता. बंगालचा कोळसा इथपर्यंत आणायचा तर वाहतुकीतच कंबर मोडत होती. वर्ध्याहून वरोऱ्याला कोळशासाठी म्हणून वेगळा लोहमार्ग टाकला गेला. जमशेटजी टाटांनी आपली गिरणी मुंबईऐवजी नागपुरात काढली. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूर निवडण्यामागे कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ, हा हिशोब होता. बॉयलरखाली जाळायला हा कोळसा चालत होता, आणि तेवढ्यावर सगळे समाधानी होते.

खरा पेच पाच वर्षांनी आला. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार लांब नाही, असा त्याचा रोख होता. फ्रँक हॅरिस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या टाटांच्या इंग्रजी चरित्रात म्हटले आहे की हा अहवाल वाचून जमशेटजींच्या मनात लोखंडाच्या कारखान्याने घर केले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीला नेला. उत्तर आले, लोखंड गाळण्याच्या कामाचा नाही. त्यातच खनिजांच्या पट्ट्यांविषयी सरकारच्या अटी इतक्या जाचक होत्या की खासगी माणसाने पैसा घालावा असे काही नव्हते. बेत बारगळला. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. कारखाना झाला, पण पंचवीस वर्षांनी आणि साकचीला. आज त्या गावाला जमशेदपूर म्हणतात.

हे प्रथम वाचले तेव्हा माझ्यातला वऱ्हाडी माणूस उसळून उठला. जमशेदपूर चांद्याला व्हायचे होते! आपल्याकडे अनुशेषाची चर्चा मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र अशी चालते आणि तिची सुरुवात १९५६ किंवा १९६० पासून धरली जाते. मला वाटले, आपल्याला तर १८८२ चा अनुशेष सापडला. आणि त्या भरात मी एक सिद्धांत रचला.

तो असा. दगडी कोळसा उघड्या हवेत पडला की हळूहळू प्राणवायू शोषतो आणि त्याचे गुण बदलतात. लोखंड गाळण्यासाठी लागणारा 'धरण्याचा' गुण तर सगळ्यांत आधी जातो, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकांत स्पष्ट आहे. वरोऱ्याचा कोळसा खाणीतून निघून वाघिणीतून मुंबईला, तिथून जहाजाने युरोपात पोहोचेपर्यंत काही आठवडे, कदाचित काही महिने गेले असणार. वाटेत तो 'शिळा' झाला आणि जर्मन प्रयोगशाळेने शिळ्या नमुन्यावरून ताज्या कोळशाला नापास केले. एका व्याख्यानमालेत मी हे ठासून मांडले. टाळ्या पडल्या. नंतर एका वार्षिकांकात ते छापूनही आले. त्या टाळ्यांचा आवाज बरीच वर्षे माझ्या कानात होता.

सिद्धांत रचणे सोपे असते. पण कोळसा तापवला म्हणजे नेमके काय होते, हे मी स्वतः कधी पाहिले नव्हते.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. आपण कोळसा जाळतो, तेव्हा हवा मिळते म्हणून तो जळतो. हवा बंद करून तापवला तर तो जळत नाही, बदलतो. शंभर अंशांच्या आसपास आतला ओलावा निघून जातो. साडेतीनशे-चारशे अंशांवर त्यातून धूर, तेलकट वाफा आणि जळणारा वायू सुटायला लागतो. आणि इथेच कोळशाकोळशात फरक पडतो. काही कोळसे या टप्प्यावर मऊ पडतात, कणकेसारखे होतात, त्यांचे कण एकमेकांना चिकटतात, आतला वायू त्यांना फुगवतो. पाचशेच्या आसपास ते पुन्हा घट्ट होतात आणि हजार अंशांपर्यंत तापवत नेले की एक राखाडी, सच्छिद्र, कणखर दगड तयार होतो. तो कोक. दुसरे कोळसे मऊ पडतच नाहीत. त्यांच्यातूनही धूर आणि वायू जातो, पण उरतो तो भुगा.

माझ्या पत्नीला हे समजावून सांगताना ती भाकरी थापत होती. तिने एका वाक्यात प्रश्न मिटवला, "म्हणजे गहू आन् ज्वारीसारखं." अगदी तसेच. गव्हाच्या कणकेला ताण असतो, ती लाटता येते, पोळी फुगते. ज्वारीच्या पिठाला तो नसतो. ज्वारी हलकी म्हणून नव्हे, तिची जातच वेगळी म्हणून. भाकरी उत्तम होते, पोळी होत नाही.

मग लोखंडाला पोळीच का लागते? भाकरीवर का भागत नाही? याचे कारण लोखंडाच्या झोतभट्टीत आहे. ती उंच धुराड्यासारखी असते. वरून खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थर टाकत राहायचे आणि खालून गरम हवेचा झोत सोडायचा. कोक तिथे तीन कामे करतो. जळून उष्णता देतो. त्यातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे करतो. आणि तिसरे, ज्याचा आपण विचार करत नाही, तो वरच्या सगळ्या थरांचा भार पेलून धरतो आणि झोताला वर जायला फटी ठेवतो. भुगा होणारा कोळसा पहिली दोन कामे करील. तिसऱ्याला तो तिथल्या तिथे चिरडेल आणि भट्टीचा श्वास कोंडेल. इंग्लंडात अब्राहम डार्बीने १७०९ साली कोकवर लोखंड गाळून दाखवले तोपर्यंत हे काम लाकडी कोळशावर चाले. आपल्याकडे चांद्याचे लोहारही पिढ्यान् पिढ्या लाकडी कोळसाच वापरत. त्यांच्या भट्ट्या बुटक्या, त्यामुळे भार कमी, म्हणून ते जमत होते. मोठ्या भट्टीलाही लाकडी कोळसा चालू शकतो. म्हैसूर संस्थानाने भद्रावतीला १९२३ पासून तसे लोखंड काढलेही. पण त्यापायी जंगले किती लागतात याचा हिशोब केला की मेळघाटाकडे पाहणारा माणूस गप्प बसतो.

कोळसा बंद भांड्यात तापवून निघणारा वायू हीसुद्धा एकेकाळी मोठी गोष्ट होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली जे गॅसचे दिवे लागले ते याच वायूवर. त्यातून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाला आपण डांबर म्हणतो आणि कपाटात ठेवायच्या पांढऱ्या गोळ्यांना डांबरगोळ्या. नावातच त्यांचे मूळ आहे. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली याच डांबरातून मिळणाऱ्या अॅनिलीनपासून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचा जमाना सुरू झाला. वऱ्हाडातल्या कापसाचे कापड पुढे त्या रंगांत रंगले. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे सोडून देतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी प्रयोगाला लागलो. घुग्गुसकडे ट्रक चालवणारा एक ओळखीचा मुलगा आहे. त्याच्याकडून वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचे मोठे ढेकूळ मागवले. ते 'ताजे' राहावे म्हणून त्याला आधीच सांगून ठेवले होते की मिळाल्या मिळाल्या पाणी भरलेल्या डब्यात बुडव. पाण्याखाली हवा लागत नाही. धनबादला रेल्वेत नोकरीला असलेल्या भाच्याने सुटीत येताना झरियाचा चार किलो कोळसा आणला. "मामा, लोक तिकडून साड्या मागवतात," एवढेच तो म्हणाला. कोळसा खलबत्त्यात कुटला आणि चहाच्या गाळणीने चाळला. गावातल्या सोनाराकडून झाकणाच्या दोन मुशी घेतल्या. भट्टी लोहाराची. त्याच्या भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आहे, आणि त्या ब्लोअरची मोटार मीच भरून दिली होती, म्हणून त्याला नाही म्हणता आले नाही.

पहिली मूस वर्धा खोऱ्याची. लाल होईपर्यंत तापवली. झाकणाच्या फटीतून आधी पांढरी वाफ आली, मग पिवळट धूर. धुराला काडी लावली तर तो भक्कन पेटला आणि काही मिनिटे लांब, काजळी सोडणारी ज्योत जळत राहिली. पोरे जमली. हाच तो मुंबईचा दिवा, असे मी त्यांना सांगितले. ज्योत विझल्यावर मूस बाहेर काढली, झाकण न उघडता पूर्ण थंड होऊ दिली आणि कागदावर उपडी केली. काळी भुकटी सुर्रकन् ओघळली. राखुंडी ओतावी तशी. दोन कणसुद्धा एकमेकांना धरून नव्हते.

दुसरी मूस झरियाची. धूर, ज्योत सगळे तसेच. पण उपडी केली तर काहीच पडले नाही. ठोकली तेव्हा एक राखाडी, चकाकणारी, मुशीच्या आकाराची वडी खाली पडली, वरून फुगलेली, आतून जाळीदार. फरशीवर आपटली तर खणकन वाजली. लोहार ती उचलून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "भाऊ, हा कोयसा जीव धरते. आपला नाही धरत."

तरी मी लगेच शरण गेलो नाही. माझ्या सिद्धांताचा पहिला भाग तपासायचा होता, हवेने कोळसा खरेच शिळा होतो का? झरियाचा भुगा लोखंडी तव्यावर पातळ पसरला आणि मंद आचेवर दोन दिवस हलवत ठेवला. धूर निघू द्यायचा नाही, नुसती ऊब. मग मुशीत भरून तोच प्रयोग. या वेळी वडी पडली नाही. पडली ती कुसकरता येणारी ढेपसळ, बोटांनी दाबताच भुगा झाली. म्हणजे माझे रसायन बरोबर होते. प्राणवायू कोळशाची धरण्याची शक्ती खरेच मारतो. ज्यात ती शक्ती आहे तो कोळसा पावसात-उन्हात महिनोन् महिने पडला तर बिघडतो.

पण ज्यात मुळात नाही, त्याचे काय बिघडणार? पाण्यात बुडवून आणलेल्या ढेकळाच्या अगदी गाभ्यातला तुकडा फोडून मी पुन्हा पुन्हा तापवला. हळू तापवला, जोरात तापवला, पाच वेळा. पाचही वेळा राखुंडी. वरोऱ्याची खाण आता नाही, त्यामुळे नेमका तोच कोळसा मुशीत घालता येत नाही हे खरे. पण खोरे तेच, दगडाचे थर तेच. भूशास्त्रज्ञ त्यांना गोंडवन काळातले बराकर थर म्हणतात, वय पंचवीस ते तीस कोटी वर्षे. वर्धा खोऱ्याच्या कोळशाची गणना सरसकट कोक न होणाऱ्या कोळशांत होते. जर्मनीतल्या त्या अनामिक तपासनिसाने प्रामाणिक उत्तर दिले होते. ज्यांनी माझे व्याख्यान ऐकले किंवा तो वार्षिकांक वाचला, त्यांनी 'शिळ्या नमुन्या'चा मुद्दा खोडून टाकावा.

प्रयोगानंतर आजोबांच्या सळईचा अर्थही उलगडला. झरियाचा कोळसाही झरियातच जमिनीखाली शंभर वर्षांहून अधिक काळ जळतो आहे, तेव्हा आग लागणे ही एकट्या आपल्या कोळशाची खोड नाही. पण वर्धा खोऱ्याचा कोळसा त्यात पुढे. त्यात ओलावा जास्त, रचनेतच प्राणवायू जास्त, आणि हवेतला प्राणवायू ओढून घ्यायची हावही जास्त. ओढून घेताना थोडी उष्णता निघते. ढीग उंच असेल, चुरा जास्त असेल, तर ती उष्णता बाहेर पडत नाही. आतले तापमान चढते, चढले की प्राणवायू आणखी वेगाने ओढला जातो. शेवटी ढीग पेटतो. वरोऱ्याच्या खाणीतही आगींचा हा त्रास होता. ज्या गुणामुळे हा कोळसा तापवल्यावर मऊ पडत नाही, जवळपास त्याच गुणामुळे तो स्वतःहून तापतो. आजोबांना यातले रसायन ठाऊक नव्हते. सळई किती वेळ ठेवायची आणि किती चटका बसला की धावायचे, ते पक्के ठाऊक होते.

आता गाऱ्हाण्याचा उरलेला भाग. कोळशाने नव्हे, तर सरकारी अटींनी कारखाना अडवला का? १८८२ पुरते पाहिले तर दोन्हींनी. अटी लॉर्ड कर्झनच्या काळात, १८९९ साली, सैल झाल्या आणि टाटा पुन्हा कामाला लागले. त्यांनी अमेरिकेहून चार्ल्स पेज पेरिन यांना गाठले, आणि पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड १९०३ साली इथे आले. ते आधी कुठे गेले असतील? चांद्याला, लोहाऱ्याला. म्हणजे विदर्भाला डावलले वगैरे काही झाले नाही; वीस वर्षांनीही पहिला मान चांद्याचाच होता. पण पाहणीत कळले की खनिज चांगले असले तरी मोठा कारखाना वर्षानुवर्षे चालेल इतके ते एका जागी नाही. आणि कोक होणारा कोळसा जवळ नाही, हे तर आधीच ठरले होते.

पुढचा प्रसंग नागपूरच्या अजब बंगल्यात घडला. दोराबजी टाटा अधिकाऱ्यांना भेटायला नागपूरला गेले असता वेळ काढायला तिथल्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या भूशास्त्रीय नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाच्या खुणा त्यांना दिसल्या. तिथून ते आणि वेल्ड धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांपर्यंत गेले. आज भिलाईचा कारखाना त्याच डोंगरांवर जगतो. तो नकाशा पाहायला म्हणून मी दोनदा अजब बंगल्यात जाऊन आलो. तसा काही नकाशा मला दिसला नाही. एका पहारेकऱ्याने मात्र मला दगडांच्या दालनात बराच वेळ एकटे सोडले, त्याबद्दल त्याचा ऋणी आहे.

दुर्गलाही अडचण तीच, कोक होणारा कोळसा लांब. फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञांचे पत्र आले की मयूरभंज संस्थानात गुरुमहिसानीला लोखंड आहे. ते झरियाच्या टापूत होते आणि कलकत्त्याचे बंदर हाताशी. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. कंपनी १९०७ साली स्थापन झाली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पोलादाची पहिली लादी निघाली. मुशीतल्या त्या वाजणाऱ्या वडीने जागा ठरवली होती.

उष्णतेने कोळसा बदलतो तसा रसायनांनीही बदलतो, आणि तिथे आमच्या तेल्हाऱ्याचा संबंध निराळ्या वाटेने येतो. आम्ही खारपाणपट्ट्याच्या काठावरचे लोक. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरी खाऱ्या. माणसे, गुरे, पिके यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; बॉयलरविषयी कुणी लिहीत नाही. आजोबा सांगत, दर काही आठवड्यांनी बॉयलर थंड करून आत माणूस उतरवावा लागे आणि छिन्नी-हातोडीने पांढरा थर खरवडावा लागे. हे पाण्यातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा तापून फुटायचे भय. १९३० च्या दशकात युरोपात यावर एक नवा उपाय निघाला, तोही कोळशाचाच. कोळसा तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवला की त्याच्या कणांवर आम्लाचे गट पक्के बसतात. मग त्यातून जड पाणी सोडले तर तो चुना आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम देतो. त्याची शक्ती संपली की मिठाचे पाणी फिरवायचे, पुन्हा ताजा. गंमत म्हणजे यासाठी कोळशाने कोक व्हायची अट नाही. ज्याला झोतभट्टीने दारातून परत पाठवले तसला कोळसाही इथे पंक्तीला बसू शकतो. हा प्रयोग मी केलेला नाही आणि वाचकांनीही घरी करू नये; तापलेले आम्ल माफ करत नाही.

पण यातली मेख अशी की या उपायाने बॉयलरचे भागते, माणसाचे नाही. चुना जाऊन सोडियम आला, पाणी 'हलके' झाले, गोड झाले नाही. खारपाणपट्ट्यात तर सोडियम आधीच नको इतका. आज घरोघरी जे पाणी शुद्धीकरणाचे यंत्र लागले आहे त्यात एक काळी नळी असते. ती सक्रिय कोळशाची. नारळाच्या करवंटीचा, लाकडाचा किंवा दगडी कोळशाचा कोळसा आठशे-हजार अंशांवर वाफेत धरून, किंवा कच्चा माल झिंक क्लोराइडसारख्या रसायनात भिजवून आणि मग तापवून, त्याला अगणित बारीक छिद्रे पाडतात. राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यांनी १९०० च्या सुमारास याची पेटंटे घेतली आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांत तो कोळसा गेला. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम कोळशात हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. वास, रंग, क्लोरीन तो ओढून घेतो. मीठ मात्र त्याच्या हातून जसेच्या तसे सुटते. माझ्या दुकानात येणारे शेतकरी विचारतात, विहिरीत पोतंभर कोळसा टाकला तर खार जाईल का? नाही जाणार. खार काढते ते यंत्रातले पुढचे पातळ पटल. तेल्हारा-अकोट भागात खरी सुटका झाली ती वारीला अडवलेल्या वानच्या पाण्याने, जिथवर ते पोहोचले तिथवर.

वर्धा खोऱ्याचा कोळसा आज मुख्यतः विजेसाठी जळतो. आमच्या जिल्ह्यात पारसला, तिकडे चंद्रपूरला. पण एक गोष्ट मला अलीकडेच नीट उमगली. लोखंड काढायला आता उंच झोतभट्टीच लागते असे नाही. आडव्या, सावकाश फिरणाऱ्या लांब नळकांड्यात खनिज आणि कोळसा एकत्र फिरवत हजार अंशांच्या आसपास नेले की खनिज वितळत नाही, पण त्यातला प्राणवायू निघून जातो आणि छिद्राछिद्रांचे स्पंज आयर्न उरते. इथे कोळशाने भार पेलायचा नसतो. भुगा झाला तरी चालतो. घुग्गुसला अशी भट्टी आहे. तिला लागणारे खनिज गडचिरोलीतल्या सुरजागडहून येते, आणि गडचिरोली १९८२ सालापर्यंत चांदा जिल्ह्यातच होते.

त्या खनिजाच्या ट्रकांविषयी, तिथल्या जंगलाविषयी आणि तिथल्या माणसांविषयी बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी लोक आहेत. मी एवढेच केले की त्या ट्रकवाल्या मुलाला पुन्हा फोन लावला आणि स्पंज आयर्नचा एक तुकडा मागवला. तो आता दुकानात काउंटरवर झरियाच्या वडीशेजारी ठेवला आहे. एका बाटलीत वर्धा खोऱ्याची राखुंडी आहे. सळई मी माळ्यावरून काढून दुकानाच्या भिंतीला टांगली. मोटार न्यायला आलेले गिऱ्हाईक कधीकधी तिला हात लावून विचारते, ही कशाची हो? मग मोटारीचे राहते बाजूला.